हुंकारा

एका मुलीला दुकानातून दुधाची पिशवी आणायची आहे. खेळ एवढाच. दुकानापर्यंत चालत जायचं, दूध मागायचं, पैसे द्यायचे आणि घरी यायचं. वाटेत मारामारी नाही, कोडी नाहीत, गुण नाहीत, पुढची पातळी नाही. अर्ध्या तासाच्या आत सगळं संपतं. पण तेवढ्या वेळात ती मुलगी दूध घेऊन घरी पोचेल ना, या काळजीनं माझे तळहात ओले झाले होते. परभणीतली मे महिन्यातली दुपार होती, कूलर घरघरत होता, पण तो घाम उन्हाचा नव्हता.

'मिल्क इनसाइड अ बॅग ऑफ मिल्क इनसाइड अ बॅग ऑफ मिल्क' असं त्या खेळाचं लांबलचक नाव. निकिता क्र्युकोव्ह या रशियन निर्मात्यानं तो २०२० च्या ऑगस्टमध्ये आणला. पडद्यावर काळा आणि जांभळ्याकडे झुकलेला लाल, जवळपास एवढेच रंग. चित्रं जाड ठिपक्यांची. चेहरा कुठं संपतो आणि अंधार कुठं सुरू होतो ते नीट कळत नाही. त्यावर मजकूर उमटत राहतो आणि मागं एक अस्वस्थ करणारा आवाज घुमत असतो. त्याला संगीत म्हणायला जीभ रेटत नाही. रशियातही दूध पिशवीतून विकतात हे मला या खेळामुळंच कळलं. आमचा हा देवणी गाईचा मुलूख, उदगीरची दूध भुकटी एकेकाळी नावाजलेली, तरी शहरातली आमची सकाळ पिशवीच्या दुधावरच उजाडते. त्यामुळं खेळातली बाकी प्रत्येक गोष्ट परकी असूनही ती पिशवी तेवढी ओळखीची निघाली, आणि मी तिच्या आधारानं आत शिरले.

आत गेल्यावर कळतं की आपण त्या मुलीच्या डोक्यातला आवाज आहोत.

तिच्या मनाची घडी विस्कटलेली आहे. दुकानापर्यंत एकटीनं जाणं तिच्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून तिनं एक युक्ती काढली आहे: आपण एका व्हिज्युअल नॉव्हेलमधलं, म्हणजे पडद्यावर चित्रं बघत आणि मजकूर वाचत खेळायच्या गोष्टीतलं, पात्र आहोत आणि कुणीतरी आपली गोष्ट वाचतंय, आपल्याशी बोलतंय, असं समजायचं. ते कुणीतरी म्हणजे खेळणारा. इतर खेळांत तुम्ही राजपुत्र होता, सैनिक होता, गाडी पळवता. इथं तुम्हाला त्या मुलीनं निर्माण केलंय, कारण तिला सोबत हवी होती. समोरचा लाल पडदा, खालचा मजकूर, तुमच्यापुढे येणारे पर्याय, ही सगळी तिची रचना आहे. हे लक्षात आलं तेव्हा मी काही वेळ पुढचं बटण दाबलंच नाही. मला खूप जपून बोलावंसं वाटायला लागलं.

व्हिज्युअल नॉव्हेल हा प्रकार जपानमध्ये वाढला. युजी होरी यांचा 'पोर्टोपिया' हा खुनाच्या तपासाचा खेळ १९८३ चा. या प्रकाराच्या पूर्वजांत त्याचं नाव घेतात. पुढं १९९२ मध्ये चुनसॉफ्ट कंपनीनं 'ओतोगिरिसो' काढला. त्यात अंधारलेली चित्रं, त्यांच्यावरून पडदाभर पसरलेला मजकूर आणि भरपूर आवाज. कंपनीनं त्याला 'साउंड नॉव्हेल' म्हटलं, ते मला फार आवडतं, कारण वाचण्याइतकंच ऐकणंही त्या नावात आलं. खेळणाऱ्याचं काम तेव्हाही थोडं होतं आणि आजही थोडंच आहे. वाक्य वाचायचं, बटण दाबायचं, मग पुढचं वाक्य येतं. मधूनच दोन-तीन पर्याय येतात, त्यातला एक निवडायचा.

दुधाच्या पिशवीचा हा खेळ माझ्या भाच्यानं मला लॅपटॉपवर घालून दिला. त्याच्या मित्रांचा यावर एक ठरलेला आक्षेप आहे. नुसतं बटण दाबत बसायचं, याला खेळ कसं म्हणायचं? आक्षेप प्रामाणिक आहे. पण ज्यानं लहानपणी गंगाखेडकडच्या एखाद्या गावात रात्री अंगणात बाजेवर पडून गोष्टी ऐकल्या असतील, त्याला हा प्रश्न पडायचा नाही.

आमच्या आजीचा एक नियम होता. गोष्ट ऐकायची तर हुंकारा द्यायचा. "एक होता राजा." हुं. "त्याला होत्या दोन राण्या." हुं. प्रत्येक वाक्यानंतर आमच्यातल्या कुणीतरी हुं म्हणायचं. हुंकारा थांबला की आजीही थांबायची. अंधारात तिचा आवाज यायचा, "निजली का गं लेकरं?" आणि कुणीच बोललं नाही तर राजा रानातच राहायचा, राणी विहिरीच्या काठावरच राहायची. सांगणारीकडं गोष्ट होती, पण ती पुढं ढकलायचं बळ ऐकणाऱ्यांच्या हुंकाऱ्यात होतं. गोंधळातही तेच. मुख्य गोंधळी कथा लावतो आणि त्याचा साथीदार मध्ये मध्ये विचारत राहतो, मग काय झालं, ती काय म्हणाली, तो कुठं गेला. चौकासमोर बसलेल्या सगळ्या मंडळींच्या वतीनं तो विचारत असतो. त्याला काढून टाकलं तर कथा लंगडी होईल.

व्हिज्युअल नॉव्हेलमधलं ते बटण म्हणजे हुंकारा आहे, असं मला हा खेळ खेळताना वाटलं, आणि मग तो खेळ माझ्यासाठी एकदम उघडला. क्र्युकोव्हनं काय केलंय, तर या हुंकाऱ्यालाच जबाबदारी दिली आहे. आजीच्या गोष्टीत आमचा हुं बरावाईट नसायचा. इथं असतो. मुलगी काहीतरी तुटक, विचित्र बोलते, आणि तुमच्यासमोर दोन उत्तरं येतात. एक धीर देणारं, एक बोचरं. कधी दोन्ही अपुरी. तुम्ही बोचरंच बोलत राहिलात, तिला हिणवत राहिलात, तर ती तुमच्याशी बोलणं तोडते आणि खेळ तिथंच संपतो. मी ते करून पाहिलं नाही, भाच्यानं केलं होतं आणि त्यानं सांगितलं. ते ऐकून मला त्या मुलीचा अभिमान वाटला. इतकी घाबरलेली, इतकी विस्कटलेली, पण डोक्यातल्या आवाजानं कसं वागावं याची तिची एक अट आहे आणि ती मोडणाऱ्याला ती बाहेर काढू शकते.

दुकानाचा प्रसंग मात्र मी विसरू शकत नाही. तिथली माणसं तिला माणसांसारखी दिसत नाहीत. काय म्हणायचं, कसं म्हणायचं याची ती मनात तयारी करते. आपल्यासाठी जे काम विचाराशिवाय होतं, त्याचे तिच्याकडं कितीतरी तुकडे झालेले असतात, आणि प्रत्येक तुकडा वेगळा उचलायला लागतो. दूध मागणं हा एक. पैसे देणं हा दुसरा. त्या दोहोंमध्ये उभं राहणं हा तिसरा, आणि तोच सगळ्यात अवघड. मध्येच वडिलांच्या मृत्यूचा विषय निघतो, आणि घरी आई आहे, पण त्या घराकडं परतणं सुटकेसारखं वाटत नाही. खेळ यातलं काहीच समजावून सांगत नाही. आजाराचं नाव घेत नाही. कुणी डॉक्टर येऊन खुलासा करत नाही. तुम्ही आणि ती, एवढंच, आणि पुढचं वाक्य.

मला ही चाल ठाऊक होती. शब्द घोकत दुकानापर्यंत जाण्याची.

आमची आत्या अशीच जायची. तिला विचारूनच मी हे लिहिते आहे. माझ्या लहानपणी, ऐन तिशीत, तिच्या डोक्यात माणसं बोलायला लागली. घरात प्रत्येकाचं वेगळं निदान. कुणी म्हणे बाहेरचं लागलंय, कुणी म्हणे भानामती. आमच्या भागात बाईचं वागणं बदललं की हा एक शब्द तयारच असायचा. देवऋषी झाला, लिंबू उतरवून झाले, उपास झाले. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात २०१३ मध्ये आला, आत्याचं दुखणं त्याच्या फार आधीचं. राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. त्यातलं एकही मराठवाड्यात नाही. त्यामुळं 'येरवड्याला न्यावं लागंल' हे वाक्य आमच्याकडं उपचाराचा सल्ला म्हणून कुणी बोलतच नसे. ते धमकीसारखं यायचं, दूरच्या मुलखात कायमचं सोडून येण्यासारखं. शेवटी आजोबांनी कुणाचं न ऐकता तिला अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी फरक पडला, हे मी ठळकपणे लिहिते, कारण पुढं जे सांगणार आहे ते गोळ्यांच्या बदल्यात होतं असं कुणी समजू नये.

गोळ्या लागू पडायला वेळ लागला. त्या मधल्या काळात घरातले सगळे आत्याशी दोनच प्रकारे बोलायचे. एक तर "तिथं कुणी नाही, गप बस," नाहीतर घाबरून तिच्या हो ला हो. आजी मात्र हुंकारा द्यायची.

"माय, दारात माणसं उभी हैत."

"हुं."

"मला बोलवायलेत."

"मंग? तू काय म्हणलीस?"

"नाही येत म्हणलं."

"बरं केलंस. ऊठ, रांजण भरून घेऊ. नळाला पाणी यायची येळ झाली."

आजीनं दारात माणसं आहेत असं एकदाही म्हटलं नाही. नाहीत असंही म्हटलं नाही. तिनं आत्याला विचारलं की तू काय उत्तर दिलंस, म्हणजे त्या सगळ्या गोंगाटात आत्याचा स्वतःचा आवाज कुठं आहे ते शोधलं, आणि लगेच हातात एक लहानसं काम दिलं. शाळेत न गेलेल्या माझ्या आजीला हे कुणी शिकवलं होतं? मला वाटतं, आयुष्यभर गोष्टी सांगून तिला माहीत झालं होतं की समोरून हुं आलं नाही तर सांगणारा कसा अधांतरी राहतो.

पुढं आत्याला दुकानात धाडायची वेळ आली तेव्हा सोबत मला पाठवायचे. पावशेर साखर, चहापत्ती, काडीपेटी. ती वाटभर ते पुटपुटायची. मध्येच अडकली की माझ्याकडं बघायची आणि मी पुढचा शब्द द्यायचे. साखर म्हटलं की मी म्हणायचे, चहापत्ती. पारावर बसलेले लोक बघायला लागले की ती माझं बोट घट्ट धरायची, आणि मला आजीनं शिकवून ठेवलं होतं की असं झालं की थांबायचं नाही, विचारायचं, "मग आत्या, काय काय घ्यायचं आपल्याला?" दुकानदारासमोर बोलायचं काम मात्र तिचंच. मी तोंड उघडायचं नाही, असं आजीनं बजावलं होतं.

तेव्हा मला ती वाट बाहेरून दिसत होती. आत्याचा हात, तिचं पुटपुटणं, घामेजलेला पदर. तिच्या नजरेतून ते दुकान कसं दिसत असेल, पारावरची माणसं काय होऊन बसली असतील, हे विचारायचं मला कधी सुचलं नसतं आणि तिला सांगता आलं नसतं. इतक्या वर्षांनी एका परक्या देशातल्या माणसानं लाल-काळ्या ठिपक्यांत ती वाट मला आतून दाखवली. तो अनुभव आत्याच्या अनुभवासारखाच होता असं मी म्हणणार नाही, कुणाचंही मन दुसऱ्याच्या मनासारखं विस्कटत नाही. पण पुढचा शब्द मिळेपर्यंतची ती पोकळी, तिची लांबी, तिचा धाक, हे मला पहिल्यांदा अंगावर जाणवलं. मानसिक आजारांवरची माहितीपत्रकं मी बरीच वाचली आहेत. ती गरजेची आहेत. त्यांनी मला लक्षणं सांगितली. या खेळानं मला त्या आवाजाच्या जागी उभं केलं आणि विचारलं, आता तू काय बोलशील?

गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. जनाबाईंच्या अभंगांत विठोबा त्यांच्यासोबत दळायला बसतो, शेण्या वेचायला येतो, हे आमच्याकडं लेकरालाही माहीत असतं. एकट्या पडलेल्या, राबणाऱ्या बाईनं आपल्या कामात एक सोबती बोलावला आणि त्याच्याशी बोलत दिवस रेटला. भक्ती आणि आजार यांना मी एका मापात घालत नाही, तसं करणं जनाबाईंवरही अन्याय आणि आत्यावरही. पण त्या अभंगांतल्या विठोबानं जनीला कधी असं म्हटलं नाही की तू हे काय बोलतेस. तो आला आणि त्यानं जात्याच्या खुंट्याला हात लावला. खेळातली मुलगी दुकानाच्या वाटेवर आपल्याकडून तेच मागत असते, आणि मला ते समजायला जनाबाई जवळच्या पडल्या, एवढंच म्हणायचं आहे.

या खेळाचा पुढचा भाग २०२१ च्या डिसेंबरमध्ये आला. त्यात मुलगी दूध घेऊन घरी आली आहे, रात्र झाली आहे आणि तिला झोपायचं आहे. तिच्या खोलीत इकडंतिकडं फिरून विचार गोळा करायचे असतात आणि शेवट एकापेक्षा जास्त आहेत. चित्रं कितीतरी सुबक, हलती, तिचा चेहरा स्पष्ट. बहुतेकांना हा भाग जास्त आवडतो. मला पहिलाच आवडतो. दुसऱ्या भागात ती मुलगी सुंदर दिसते, आणि तिच्या सुंदर दिसण्यानं तिचं दुखणंही देखणं व्हायला लागतं. तिच्या डोळ्यांखालच्या वर्तुळांचं सौंदर्य करायला मन धजतं. आमच्या आत्याचं दुखणं देखणं नव्हतं. न विंचरलेले केस, रात्रभर घरातल्या कुणाला झोप नाही, आजोबांचा उतरलेला चेहरा, आणि त्यात आजीचा हुंकारा. पहिल्या भागातले ते जाडेभरडे ठिपके मला जास्त खरे वाटतात, कारण त्यात बघण्यासारखं फार काही नाही. तिचं ऐकावंच लागतं.

गेल्या दिवाळीत गावी गेले तेव्हा आत्याला ही गोष्ट सांगितली. ती ओट्यावर वाकळ शिवत बसली होती. गोळ्या अजून चालू आहेत, रात्री जेवण झालं की स्वतःच्या हातानं घेते. मी सांगत गेले आणि ती टाके घालता घालता हुंकारा देत गेली. मुलीला दुकानात जायचं होतं. हुं. तिला भीती वाटत होती. हुं. तिच्या डोक्यात एक आवाज होता, तो तिच्याशी बोलत होता. यावर आत्याची सुई थांबली.

"चांगला होता का?"

"होता. म्हणजे आपण चांगलं बोललो तर."

"हुं. मंग? दूध आणलं का तिनं?"

"आणलं."

"उरलेले पैसे?"

मी गप्प झाले, कारण त्याकडं माझं लक्षच नव्हतं. आत्याचं होतं. दुकानातून परत आल्यावर आजी तिच्या हातातली चिल्लर मोजून घ्यायची आणि ती बरोबर भरली की तो दिवस तिचा असायचा. कुठल्याही समीक्षकानं या खेळाबद्दल इतका आतला प्रश्न विचारला नसेल.

तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट घोळते आहे. असे छोटे खेळ बनवायला मोठी कंपनी लागत नाही. रेन-पाय नावाचं एक साधन २००४ पासून फुकट मिळतं आणि जगभरातले लोक त्यावर व्हिज्युअल नॉव्हेल रचतात. देवनागरीची अडचण होती, जोडाक्षरं आणि वेलांट्या धड जुळायच्या नाहीत. २०२४ मध्ये आलेल्या ८.२ या आवृत्तीपासून त्यात आपल्या लिप्यांसाठीची अक्षरजुळणी आली आहे. म्हणजे मराठीत, आमच्या बोलीत, हे करता येईल.

मी लिहायला घेतलं आहे. एक बाई आहे. तिला गावातून एसटीनं अंबाजोगाईला जाऊन महिन्याच्या गोळ्या आणायच्या आहेत. तिच्याबरोबर येणारं माणूस आज आलेलं नाही. फाट्यावर उभं राहायचं, गाडीची पाटी वाचायची, कंडक्टरला गाव सांगायचं, खिडकीशी जागा नसेल तर मधल्या जागेवर बसायचं, दवाखान्यातल्या रांगेत उभं राहायचं, चिठ्ठी काढायची. प्रत्येक ठिकाणी वाचणाऱ्याला दोन उत्तरं द्यायची आहेत. फाट्यापर्यंतचं जमलं आहे. गाडीतलं जमत नाही, कारण गर्दीत ती "मला उतरायचंय" म्हणते तेव्हा तिला थांबवणारं वाक्य दटावल्यासारखं होतंय आणि जाऊ देणारं वाक्य सोडून दिल्यासारखं. आजी तिथं काय म्हणाली असती ते आत्याला विचारायला पुढच्या आठवड्यात गावी जाते आहे. बसस्टँडवरचे आवाज मी मोबाइलवर टिपून ठेवलेत. चित्रं मात्र मला काढता येत नाहीत. परभणी, नांदेड, बीडकडं कुणी जाड ठिपक्यांत, मोजक्या रंगांत काम करणारं असेल आणि या बाईसोबत अंबाजोगाईपर्यंत यायची तयारी असेल, तर मला कळवा.